ड्रॅगन बसलाय कशावर?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं हीट ट्रीटमेंटला होतो. म्हणजे भट्टीवर. जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, तापवायचा, ठरल्या वेळी बाहेर काढायचा, तेलात बुडवायचा, की पुढचा. या अनुभवाचा गोष्टी सांगायला उपयोग होईल असं कुणी तेव्हा म्हटलं असतं तर मी त्याला डोकं तपासून घ्यायला सांगितलं असतं. पण गेली सहा वर्षं वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये चटया पडतात, वीस-बावीस पोरं जमतात आणि मी गोष्ट सांगतो. बुधवारी सकाळी तलावपाळीला आमचा म्हाताऱ्यांचा कट्टा असतो. तिथेही फेऱ्या झाल्या, चहा झाला की कुणीतरी म्हणतं, "होऊ द्या आबा." दोन्हीकडे सगळ्यात जास्त मागणी ड्रॅगनला.

कट्ट्यावर पहिल्यांदा "आज ड्रॅगन" असं म्हणालो, तेव्हा दोघांना वाटलं मी लडाखवर बोलणार. चीनला ड्रॅगन म्हणणाऱ्या पेपरवाल्यांची कृपा.

ज्यांना घरी नातवंडांना, सोसायटीत किंवा गच्चीवर कोजागरीला ड्रॅगनची गोष्ट सांगायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी कुठे शिकलेलो नाही. आपटत आपटत जे हाताला लागलं तेवढंच सांगतो.

पहिल्यांदा मी चांगलाच आपटलो. राजकन्या होती, डोंगरात गुहा होती, गुहेत ड्रॅगन होता, शूर राजपुत्र आला, तलवार, खेळ खलास. पाच मिनिटं. पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. मग तळमजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "आबा, पण राजपुत्र यायच्या आधी ड्रॅगन तिथे करत काय होता?"

उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि या सगळ्या खटाटोपातली एकमेव महत्त्वाची गोष्ट मला त्या रात्री कळली. ड्रॅगन कशावर तरी बसलेला असतो. तो कशावर बसलाय हे एकदा ठरलं की तो तिथे का आहे, कधी चिडतो, लोकांना त्याच्याकडे जावंच का लागतं, हे सगळं आपोआप सुटतं. पंख, नखं, शेपटी हे त्यानंतरचं.

जुन्या गोष्टी काढून बघा. बेओवुल्फ नावाचं जुन्या इंग्रजीतलं एक काव्य आहे. त्यातला ड्रॅगन तीनशे वर्षं एका टेकाडाखाली पुरलेल्या धनावर पडून आहे. कुणीतरी आत शिरून एकच पेला उचलतो. एवढ्या ढिगातला एक. ड्रॅगनला त्या पेल्यातून काही प्यायचं नाही, पितही नाही. पण त्याला मोजदाद पाठ आहे. पेला गेल्याचं कळताच तो सगळा मुलूख जाळत सुटतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी आजी आठवली. गुहागरकडच्या आमच्या गावात एका पडक्या चौथऱ्याकडे बोट दाखवून ती सांगायची, "तिकडे जायचं नाही, धनावर नाग बसलाय." कोण तो नाग? तर त्याच घरातला, आयुष्यभर पैसा पुरून ठेवून मेलेला एक म्हातारा. कोकणात गावागणिक असा एखादा नाग असतोच. उत्तरेकडच्या नॉर्स कथांमधला फाफनिर असाच. सोन्याच्या लोभापायी बापाला मारतो, त्या सोन्यावर जाऊन पडतो आणि पडल्या पडल्या ड्रॅगन होतो. आजीची आणि त्या आइसलँडच्या म्हाताऱ्यांची गाठ पडली असती तर तंबाखूची देवाणघेवाण नक्की झाली असती.

पण बसायला सोनंच लागतं असं नाही. आपल्याकडचा सगळ्यात जुना ड्रॅगन पाण्यावर बसलाय. वृत्र. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त बघा. त्यात त्याला 'अहि' म्हटलंय, म्हणजे सर्प. डोंगरात पाणी कोंडून तो पडून राहिलाय. त्वष्ट्यानं घडवलेलं वज्र घेऊन इंद्र त्याला मारतो आणि पाणी सुटतं. कसं? हंबरणाऱ्या गायींसारखं, थेट समुद्राकडे. ही उपमा माझी नाही, सूक्तातली आहे. ही गोष्ट मी मे महिन्यात सांगतो, सोसायटीत टँकर येत असतो तेव्हा. कोंडलेलं पाणी म्हणजे काय हे त्या दिवसांत पोरांना वेगळं समजवावं लागत नाही. पाणी सुटतं तिथे मी सगळ्यांना हंबरायला लावतो. पहिल्या वर्षी वॉचमन काठी घेऊन धावत आला होता.

तर पहिली पायरी ही. कागद घ्या आणि एका ओळीत लिहा: माझा ड्रॅगन अमुक एका गोष्टीवर बसलाय. ती गोष्ट ऐकणाऱ्याला हवीशी वाटणारी पाहिजे. पोरांना सोन्याच्या मोहरांचं काय? त्यांच्या हातात पाच रुपयांचं नाणं दिलं तरी ती "यूपीआय करा ना" म्हणतात. त्यांना काय हवं असतं? आमच्याकडे उत्तर समोरच होतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेलेले चेंडू.

शेगडी

आमची ड्रॅगन बाई आहे. तिचं नाव शेगडी.

नाव पोरांनी निवडलं. मी चार नावं सुचवली होती, सगळी भारदस्त, अग्निमुख वगैरे. त्यांना एकही आवडलं नाही. मग बोलता बोलता मी म्हणालो की आमच्या लहानपणी घरात कोळशाची शेगडी असायची, आणि एक मुलगी म्हणाली, "शेगडी! ड्रॅगनचं नाव शेगडी!" त्यांच्यातल्या कुणी शेगडी पाहिलेली नाही. घरी पाइपचा गॅस, नाहीतर इंडक्शन. म्हणूनच चाललं असावं. नाव मराठी ठेवा, घरगुती ठेवा, आणि शक्यतो पोरांकडून घ्या. स्वतः ठेवलेल्या नावाच्या ड्रॅगनला पोरं सहजासहजी मरू देत नाहीत, आणि याचा पुढे उपयोग होतो.

शेगडी येऊरला राहते, उपवन तलावाच्या वरच्या अंगाला. जागा खरी असावी, पण जरा लांबची असावी. ही शहाणीव उशिरा आली. सुरुवातीला मी तिला आमच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवली होती. आठवडाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई येऊन म्हणाल्या, "आबा, आमचा हा बाल्कनीत जात नाही, कपडे वाळत घालायचे मी एकटीनं." दुसऱ्या रविवारी शेगडीनं बिऱ्हाड हलवलं. आता गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात, पोरं तिकडे बघतात, ढग उतरला की "शेगडी स्वयंपाक करतेय" म्हणतात. दिसावं पण पोचू नये, एवढं अंतर बरोबर. नवी मुंबईत असाल तर पारसिकचा डोंगर घ्या, खाडी घ्या. फ्लेमिंगो खाडीत येतात तेव्हा ड्रॅगन त्यांच्यात गुलाबी होऊन उभा राहू शकतो. मी हे केलेलं नाही, कुणीतरी करा.

तर शेगडी चेंडूंवर बसली आहे. वर्तकनगरपासून घोडबंदर रोडपर्यंत जेवढे चेंडू भिंतीपलीकडे जाऊन हरवले, ते सगळे तिच्याकडे आहेत. आकडा नेमका सांगा. "खूप चेंडू" म्हणालात तर कुणी ऐकत नाही. एकशे त्रेचाळीस चेंडू, दोन रॅकेटची फुलं, एक डब्याचं झाकण आणि डाव्या पायाची एक चप्पल, असं म्हटलं की मागच्या रांगेतून आवाज येतो, "ती माझी!"

आता ती चेंडूंवर बसली का? हा प्रश्न पोरं विचारणारच, आणि इथे गोष्ट उभी राहते. शेगडीला ती अंडी वाटतात. ती उबवतेय. हिरवी, लव असलेली, गोल अंडी. तिनं कधी टेनिसचा चेंडू पाहिलेला नाही. रात्रभर ती हळू हळू ऊब देते, जास्त दिली तर रबर वितळेल म्हणून श्वास रोखून धरते, आणि सकाळी कान लावून ऐकते.

हे सांगितलं तेव्हा पार्किंगमध्ये एवढी शांतता झाली की लिफ्टचा आवाज ऐकू आला. मग नात म्हणाली, "आबा, तिला कोण सांगणार?"

त्यापुढचे सहा रविवार आम्ही त्या एका प्रश्नावर काढले. चेंडू परत तर हवेत, पण तिला सांगायचं कसं? कुणी म्हणालं चोरून आणू, कुणी म्हणालं बदली अंडी देऊ. जांभळी नाक्याच्या बाजारातून ड्रॅगन फ्रूट नेऊन ठेवू, असाही ठराव आला आणि बहुमतानं पास झाला. नावातच ड्रॅगन आहे म्हटल्यावर पोरांना ते अंडंच वाटतं. त्याला गुजरातेत २०२१ पासून सरकारी नाव कमलम आहे, हे मी सांगायला गेलो आणि तोंडावर पडलो. गोष्ट रंगात आलेली असताना माहिती सांगू नये.

कोणत्या जातीचा

हे झटपट. मुलांच्या डोक्यात दोन ड्रॅगन एकमेकांत मिसळलेले असतात. एक पंखवाला, आग ओकणारा, युरोपातला. दुसरा चायनीजच्या गाडीच्या लाल पडद्यावरचा, लांबलचक, मिशांचा. हा दुसरा मूळचा आग ओकत नाही, त्याला सहसा पंखही नसतात. तो नद्यांचा आणि पावसाचा मालक. चीनच्या जुन्या वर्णनात त्याला नऊ प्राण्यांचे अवयव आहेत, हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, गरुडाची नखं असे. तो कोंडून ठेवत नाही, देतो. म्हणजे वृत्राच्या बरोबर उलटा. दोन्ही सांगा, पण एका गोष्टीत एकच. मी एकदा मिसळले आणि पाऊस पाडणारा ड्रॅगन आग ओकायला लागल्यावर "विझत नाही का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आग

आता माझा प्रांत.

ड्रॅगनच्या आगीचं वर्णन करताना सगळे ज्वाळांपासून सुरू करतात. चूक. भट्टीचं दार उघडलं की ज्वाळा दिसायच्या आधी चेहऱ्याला कळतं. कातडी ताणली जाते. भुवया चरचरतात. शर्टाचं बटण छातीला चटका देतं, चष्म्याची काडी कानामागे तापते. आणि हे सगळं दहा फुटांवर. म्हणून ड्रॅगन येतो तेव्हा आधी ऊब येऊ द्या. उपवनला गोळेवाल्याचा बर्फ भराभर वितळायला लागला. दोरीवरचे ओले टॉवेल पाच मिनिटांत कडक झाले. कुत्री सावली सोडून पाण्यात जाऊन बसली. आकाशात अजून काहीच नाही. मुलं चटईवर एकमेकांना चिकटतात ती इथे. ज्वाळा दाखवल्यावर भीती संपते, कारण मग काय आहे ते कळलेलं असतं.

मग रंग. पोरं आग नेहमी लाल काढतात. लाल म्हणजे कोवळी. लोखंड अंधारात जेमतेम दिसायला लागतं ते पाचशे डिग्रीच्या पुढे, काळपट लाल. साडेसातशेच्या आसपास चेरीसारखं. नऊशेला नारिंगी, हजाराच्या वर पिवळं, आणि तेराशेच्या घरात पांढरं, बघवत नाही असं. आमचे जुने फोरमन पायरोमीटरकडे, म्हणजे भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या यंत्राकडे, न बघता नुसत्या रंगावरून आकडा सांगायचे आणि दहा-वीस डिग्रीपलीकडे चुकायचे नाहीत. तुमचा ड्रॅगन चिडत जातो तसा त्याच्या घशातला रंग बदला. लाल, नारिंगी, पिवळा. पोरांना हा क्रम एकदा शिकवलात की पुढे तुम्ही नुसतं "आणि शेगडीचा गळा पिवळा झाला..." म्हणायचं. बाकी त्यांची ती ओरडतात. पांढरा मी सहा वर्षांत एकदाच वापरलाय. तो राखून ठेवा.

आवाज: भट्टी गर्जना करत नाही. ब्लोअरची एक सलग घरघर असते, छातीत जाणवणारी. तोंड मिटून "हं" असा खालचा सूर धरा, लांब, श्वास पुरेल तोवर. मुलांनाही धरायला लावा, बावीस पोरांची भट्टी पेटते. आणि शेगडी तलावात उतरते तेव्हा तापलेला जॉब तेलात गेल्यासारखा छर्र्र. हा आवाज मी दातांतून काढतो. नवी कवळी बसवल्यापासून आणखी चांगला येतो.

सगळ्यात कामाचा आवाज मात्र शेवटचा. रात्रपाळीला भट्टी बंद केली की तास-दोन तास ती थंड होताना टिक्... टिक्... करत राहते. धातू आकसतो त्याचा तो आवाज. शेगडी झोपली की मी चटईवर नखानं टिक् टिक् करतो. पोरं पेंगतात.

"तिचं पोट का जळत नाही?" हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. माझं उत्तर: आमची भट्टी का जळत नव्हती? आत फायर ब्रिक लावलेली होती म्हणून. शेगडीच्या घशात तशाच विटा आहेत, आणि दर दिवाळीला ती गळा साफ करून नव्या विटा लावते. मोठ्या मुलांना मी खरा किडा सांगतो. बॉम्बार्डियर बीटल म्हणून एक भुंगेरा आहे. त्याच्या पोटात दोन रसायनं वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेली असतात. धोका दिसला की ती एका कप्प्यात एकत्र येतात आणि शंभर डिग्रीच्या आसपास तापलेला फवारा मागून फटाफट बाहेर पडतो. "मागून" म्हटल्यावर गोष्ट दहा मिनिटं थांबते. ती मिनिटं धरूनच चाला.

मारायचा का

सुरुवातीला मी मारायचो. आता लहान मुलांच्या गोष्टीत मारत नाही. संस्कार वगैरे कारण नाही. मेलेला ड्रॅगन पुढच्या रविवारी येत नाही.

न मारता संपवायची रीत आपल्याकडे कधीपासून आहे. कालिया बघा. कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण कालिया यमुनेत आला कशाला, हे कुणी सांगत नाही. तो मूळचा रमणक द्वीपावरचा. गरुडाच्या भीतीनं पळून त्या डोहात लपला होता, कारण सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडाला तिथे येता येत नव्हतं. म्हणजे विषारी झालेलं ते पाणी एका घाबरलेल्या सापाचं घर होतं. आणि शेवटी कृष्ण काय म्हणतो? जा परत, तुझ्या डोक्यावर माझ्या पावलांचे ठसे आहेत, ते पाहून गरुड तुला काही करणार नाही. त्याचं मूळचं भांडण मिटवूनच त्याला घरी पाठवलंय. ही गोष्ट मी दरवर्षी नागपंचमीच्या आसपास सांगतो आणि मग पोरांना विचारतो, शेगडी येऊरला कुणाला घाबरून आली असेल? गेल्या वर्षीचं उत्तर होतं: फटाक्यांना.

भीती मात्र खरी पाहिजे, नाहीतर ड्रॅगन म्हणजे मोठी पाल. भीतीसाठी माझा हुकमी एक्का अघासुर. भागवतातला हा अजगर रस्त्यात जबडा उघडून पडून राहतो आणि गोकुळातली पोरं त्याला गुहा समजून बघत बसतात. ही बघा, जीभ रस्त्यासारखी. श्वास वणव्यातल्या वाऱ्यासारखा. त्यांना सगळं दिसतंय, ती बरोबर वर्णनही करतायत, आणि तरी हसत-टाळ्या वाजवत आत जातात! माझी मुलं लहान असताना आम्ही कल्याणला सासुरवाडीला जायचो. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, एक किलोमीटरहून लांब. आत शिरलं की खिडकीतून ओलसर, गार हवा यायची आणि सगळा डबा ओरडायचा. तो बोगदा मी अघासुराला देऊन टाकलाय. सांगताना दिवे घालवा, एका पोराला टॉर्च द्या आणि भिंत हाताला ओली, मऊ लागली, एवढंच म्हणा. मऊ हा शब्द हळू म्हणा.

"शेगडी खरी आहे का?" असं कुणी एकटं, कानाशी येऊन विचारलं तर खोटं बोलू नका. मी म्हणतो, येऊरला बिबट्या आहे, तो खरा. इंडोनेशियाच्या बेटांवर कोमोडो ड्रॅगन आहे, तोही खरा, तीन मीटरपर्यंत वाढणारी घोरपड आहे ती. चावली तर विष असतं, आग नसते. शेगडी गोष्टीतली. बहुतेकांचं समाधान होतं. एकानं मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे रविवारची खरी."

कट्ट्यावर

मोठ्यांना सांगताना जवळजवळ सगळं उलटं करावं लागतं. पोरांना शेपटी किती लांब ते हवं असतं. मोठ्यांना शरीर दाखवलं की ते हिशेबाला बसतात. आमच्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक आहेत. एवढ्या वजनाला पंख किती लागतील याचं गणित त्यांनी चहाच्या कपाखालच्या कागदावर करून दाखवलं आणि ड्रॅगन तिथेच जमिनीवर आला. तेव्हापासून कट्ट्यावरचा माझा ड्रॅगन उडत नाही, बऱ्याचदा दिसतही नाही. आणि गोष्ट बारा मिनिटांत संपवतो, कुणाकुणाला प्रोस्टेटचा त्रास आहे.

नहुषाची गोष्ट तिथे हमखास चालते. माणूस एवढा चढला की इंद्राच्या आसनावर बसला, मग ऋषींना पालखी उचलायला लावली, आणि पालखी हळू चालते म्हणून अगस्त्यांना लाथ मारून म्हणाला, "सर्प, सर्प." म्हणजे चल, चल. ते म्हणाले, मग तूच सर्प हो. पडला खाली अजगर होऊन. पुढे वनवासात भीम त्याच्या विळख्यात सापडतो. तो भीम! ताकद काही उपयोगाची नाही. युधिष्ठिर येऊन अजगराच्या प्रश्नांची उत्तरं देतो तेव्हा सुटका होते. ही सांगून झाल्यावर प्रत्येकाला आपापला साहेब आठवतो. मी नुसता ऐकत बसतो.

बेओवुल्फही मोठ्यांनाच सांगा. त्यातला वीर ड्रॅगनसमोर जातो तेव्हा म्हातारा आहे, पन्नास वर्षं राज्य करून झालंय. सोबतचे लोक जंगलात पळतात, एकच उरतो. ड्रॅगन मरतो, हाही मरतो. पोरांना यात काही नाही. आमच्यातल्या एकानं विचारलं, "तो एक उरला त्याचं नाव काय?" विग्लाफ. ते नाव त्यांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

आणि एकदा, गेल्या पावसाळ्यात, मी शेगडी कट्ट्यावर नेली. नाव न घेता. एक माणूस आहे असं सांगितलं. त्याच्याकडे एका घराची किल्ली आहे. घर गावाला, मागे आगर, सातबाऱ्यावर चुलत भावंडांची मिळून अकरा नावं. हा दर मे महिन्यात जातो, कुलूप काढतो, झाडलोट करतो, झोपाळ्यावर तासभर बसतो, कुलूप लावून येतो. विकू देत नाही, दुसऱ्याला राहू देत नाही, स्वतः राहत नाही. दर पावसात कौलं जातात. भावंडं फोन करतात तेव्हा त्याचा गळा आधी लाल होतो, मग नारिंगी. त्याला वाटतं आपण घर राखतोय. रात्री किल्ली उशाखाली असते, आणि हाताची कातडी हल्ली जरा जाड, खवल्याखवल्यांची झाली आहे, पण ते वयानं असेल. दर वर्षी झोपाळ्यावर बसून तो कान लावून ऐकतो, आतून काही आवाज येतो का.

ड्रॅगन हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. मोठ्यांच्या गोष्टीत तो उच्चारायची गरज पडली तर गोष्ट फसली असं समजा.

कुणी बोललं नाही. तलावात कुणीतरी पावाचे तुकडे टाकत होतं, मासे वर येत होते. मग रेल्वेवाले म्हणाले, "किती नावं म्हणालात?"

"अकरा."

"आमच्यावर चौदा आहेत."

गोष्ट सांगताना हातात एखादी वस्तू असावी, हे मुलांकडून शिकलो. माझ्याकडे एक टेनिसचा चेंडू असतो, जुना, लव गेलेला. रविवारी तो पोरांच्या हातातून फिरतो आणि शेवटी मोजून परत घ्यावा लागतो. त्या बुधवारी तो माझ्या खिशातच होता. बोलणं संपल्यावर मी तो बाकावर ठेवला. रेल्वेवाल्यांनी उचलला, जरा दाबून बघितला, आणि गडकरी रंगायतनच्या बाजूनं घराकडे निघाले तेव्हा तो त्यांच्या पिशवीत होता. अजून परत केलेला नाही. रविवारसाठी मी नवा आणला, पस्तीस रुपयांना.